एकोणीस नंबरचं मशीन

विद्यापीठात लोक मोठमोठ्या विषयांवर बोलतात आणि प्रोजेक्टर चालू झाला नाही की मला फोन करतात. ग्रंथालयाच्या तळघरात आमचा तंत्रसेवा कक्ष आहे. तिथे मी सत्तावीस वर्षं बसतोय. दिवसाला साठेक फोन येतात. त्यातल्या चाळिसांना ‘बंद करून परत चालू करा’ सांगायचं असतं, दहांना ‘वायर निघालीय का बघा’, आणि उरलेले दहा जण पासवर्ड विसरलेले असतात. पडद्यावर काय लिहून आलंय हे एकजण वाचेल तर शपथ. न वाचता ‘हो’ दाबायचं आणि मग आमच्या नावाने बोटं मोडायची, अशी ही विद्वान मंडळी. मी फोनवर खेकसतो, मग स्क्रूड्रायव्हर खिशात टाकून जातो आणि दुरुस्त करून येतो.

गेल्या तीन वर्षांपासून सगळे मला मामा म्हणायला लागलेत. कारण माझी भाची, ताईची मुलगी, इथेच डॉक्टरेट करत होती आणि व्हरांड्याच्या त्या टोकापासून ‘मामा’ म्हणून हाक मारायची. लहानपणी ती खडू, बटणं, पेन्सिलींचे तुकडे गोळा करून उशीखाली ठेवायची, म्हणून मी तिला खारू म्हणतो. भाऊजी गेले तेव्हा ती सहा वर्षांची होती. ताईने नोकरी करून तिला वाढवलं. घरातली कुठलीही अडचण आली की ताईचं एकच वाक्य असायचं, ‘मामाला विचार.’

खारूचा विषय होता मेंदूचा झटका येऊन वाचा गेलेली माणसं. ती परत कशी बोलायला लागतात, कोणता शब्द आधी येतो, कोणता येतच नाही. एकेचाळीस माणसं तिने धरली होती. दर आठवड्याला प्रत्येकाचं वीस मिनिटांचं बोलणं ती रेकॉर्ड करायची. एक शिंपी होता, सात महिने नुसता ‘हं हं’ करायचा, आणि एका बुधवारी त्याने बायकोला नावाने हाक मारली. ते तिने मला ऐकवलं. नियमात बसत नव्हतं, पण ऐकवलं. त्या रेकॉर्डिंगमध्ये शेवटी कोणीतरी रडतंय. मला वाटलं, शिंप्याची बायको असेल. ‘ती मी आहे,’ खारू म्हणाली.

ही सगळी आजारी माणसं, त्यामुळे परवानगीच्या कागदावर स्पष्ट अट होती की आवाज प्रयोगशाळेच्या मशीनबाहेर जाता कामा नयेत. घरी नेणं नाही, पेन ड्राइव्ह नाही. विद्यापीठाचा मुख्य सर्व्हर तेवढा चालला असता; तिथे जागा मिळाली असती तर दुसरी प्रत राहिली असती. त्यासाठी तिने रीतसर अर्ज केला. तो माझ्याच टेबलावर आला आणि जागा शिल्लक नाही म्हणून चौदा महिने प्रतीक्षा यादीत पडून राहिला. यादीही माझ्याकडेच. भाचीला पुढे घुसवलं असं कोणी म्हणू नये म्हणून मी तो अर्ज वर सरकवला नाही. या गोष्टीचा तेव्हा मला अभिमानसुद्धा वाटायचा.

‘मामा, मशीन बिघडलं तर?’ तिने एकदा विचारलं.

‘मी काय मेलोय का?’ मी म्हणालो. ‘चिठ्ठी लावून ठेवतो. माझ्याशिवाय कोणी हात लावणार नाही.’

चिठ्ठीची पद्धत आमची जुनी. सुट्टी लागली की आम्ही प्रयोगशाळांमधली सगळी मशीनं कोरी करून नव्याने भरतो. एका जागी बसून चाळीस मशीनं एकदम. त्यातही साधं पुसून भागत नाही. काही वर्षांपूर्वी पोरांनी पुसलेल्या डिस्कवरून प्रश्नपत्रिका परत काढली होती. तेव्हापासून आमच्या साहेबांचा हुकूम आहे की आधी अख्खी डिस्क शून्यांनी भरायची, मग नवीन माल टाकायचा. एकदा केलं की ब्रह्मदेव आला तरी काही परत मिळत नाही. म्हणून ज्या मशीनला हात लावायचा नाही त्यावर लाल चिठ्ठी. सीपीयू टेबलाखाली असतो, तिथे वाकून कोण बघणार? म्हणून चिठ्ठी लावायची ती स्क्रीनच्या कपाळावर. आम्ही फेरी मारायची, चिठ्ठीवाले नंबर लिहून घ्यायचे, ते सोडून यादीतल्या बाकीच्यांवर खूण करायची. इतकी वर्षं हे बिनबोभाट चाललं.

खारूच्या, म्हणजे एकोणीस नंबरच्या स्क्रीनवर चिठ्ठी मीच लावली होती. आणि तो स्क्रीनही मीच काढला. परिसंवादाला बाहेरून पाहुणे येणार होते, हॉलमधला स्क्रीन ऐन वेळी लुकलुकायला लागला, विभागप्रमुखांनी फोनवर आकांडतांडव केलं. मी जवळच्या प्रयोगशाळेत गेलो, समोर जो चांगला स्क्रीन दिसला तो चिठ्ठीकडे न बघताच उचलला, त्या जागी गोदामातला जुना आणून जोडला. दहा मिनिटांत काम. साहेब पाठ थोपटून म्हणाले, ‘मामा आहे म्हणून विद्यापीठ चाललंय.’

मग सुट्टी लागली. सोमवारी मी फेरी मारली. मशीनचे नंबर मी लक्षात ठेवत नाही, चिठ्ठी बघतो; एकोणिसावर चिठ्ठी नव्हती. मी खूण केली, बटण दाबलं आणि जेवायला गेलो.

मंगळवारी सकाळी खारू तळघरात आली. तिला वाटत होतं तिचा पासवर्ड बदललाय. ‘मामा, माझं काहीच दिसत नाहीये. नवीन असल्यासारखं उघडतंय.’

मी तिला तिथेच बसवलं आणि पळत गेलो. एकोणिसासमोर उभा राहिलो. तो जुना, पिवळट पडलेला स्क्रीन बघितला. मग हॉलपर्यंत गेलो. तिथे पहिल्या रांगेसमोर माझ्या अक्षरातली लाल चिठ्ठी होती, ‘हात लावू नये’. पाहुण्यांनी ती वाचली होती. इतक्या वर्षांत कोणीतरी काहीतरी वाचलं होतं. पूर्ण परिसंवादभर त्या स्क्रीनला कोणी हात लावला नाही, तो चालूच केला नव्हता.

परत येईपर्यंत माझ्या डोक्यात एक वाक्य तयार झालं होतं. ते कधी तयार झालं मला सांगता येणार नाही. ‘डिस्क गेलीय वाटतं,’ मी तिला म्हणालो. ‘बघतो काही निघतंय का.’

काही निघणार नाही हे मला माहीत होतं. तरी दोन दिवस मी ती डिस्क टेबलावर घेऊन बसलो, वायरी जोडल्या, आकडे पळवले. खारू समोर स्टुलावर बसून राहायची. बुधवारी दुपारी ती म्हणाली, ‘पुरे मामा. डोळे बघ तुझे किती लाल झालेत. यंत्र आहे, बिघडणारच. तुझा काय दोष?’ आणि तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं आत्ता सांगावं. तोंड उघडलंही. तेवढ्यात फोन वाजला आणि मी तो उचलला.

संध्याकाळी संशोधन विभागाचा फॉर्म आला. विदा, म्हणजे डेटा, का नष्ट झाली, याचा तांत्रिक अहवाल हवा होता. कारणाखाली तीन चौकोन होते: सेवेची चूक, वापरणाऱ्याची चूक, यंत्र निकामी. मी तिसऱ्यावर खूण केली. मला वाटलं, यात कोणाचंच नुकसान नाही. माझी आठ महिन्यांची नोकरी राहिली होती, ती शांतपणे होईल, आणि तिलाही कोणी बोल लावणार नाही. सही करून फॉर्म पाठवून दिला. त्याची मागची बाजू मी बघितली नाही. लोक वाचत नाहीत म्हणून सत्तावीस वर्षं मी ओरडत आलो, आणि मी स्वतः पान उलटलं नाही.

मागच्या बाजूला काय होतं ते गुरुवारी साडेबाराला खारूच्या मार्गदर्शक बाईंनी सांगितलं. प्रिंटरची शाई संपली म्हणून त्या खाली आल्या होत्या. ‘वाईट झालं हो मामा,’ त्या म्हणाल्या. ‘सेवेची चूक असती तर नियमाने तिला एक वर्ष वाढवून मिळालं असतं. पंधरा नवीन माणसं घेऊन मी कसंतरी पूर्ण करून घेतलं असतं. पण यंत्र निकामी म्हटल्यावर प्रत ठेवण्याची जबाबदारी तिची. आज सकाळच्या बैठकीत समितीने हात वर केले. तिची मुदत या महिन्यात संपते, आणि वर्षभराने मी निवृत्त होतेय, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला मी नाही.’

बाई गेल्या. मी कोरा कागद घेतला. ‘दिनांक’ लिहिलं. मग हिशेब विभागातून प्रिंटर अडकल्याचा फोन आला. तो प्रिंटर महिनाभर अडकतोय, आणखी एक दिवस अडकला असता तर कोणी मेलं नसतं. पण मी गेलो. पूर्ण उघडला, एकेक रोलर पुसला, जिथे काही बिघडलं नव्हतं तेही पुसलं. तिथल्या बाई म्हणाल्या, ‘आज अगदी मन लावून करताय.’ तिथून साहेबांकडे गेलो. अर्धवट काहीतरी बोललो. साहेब हुशार माणूस, पुरतं ऐकून घेतलंच नाही. म्हणाले, ‘अहवाल गेलाय ना? मग कशाला उकरून काढता? निवृत्तीच्या तोंडावर चौकशी लागेल. आज घरी जा, उद्या बघू.’ आणि मी, खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखा घरी गेलो.

शुक्रवारी सकाळी सगळं लिहिलं. स्क्रीन मी बदलला, मशीन मी पुसलं, अहवाल मी खोटा दिला. खाली सही केली आणि संशोधन विभाग उघडायच्या आधी दारात जाऊन उभा राहिलो.

कारकुनाने कागद वाचला. दोनदा वाचला. मग म्हणाला, ‘मामा, तिने काल नाव काढून घेतलं. मीच शिक्का मारला. आता हे कुठे लावू मी?’

‘रद्द करा तो शिक्का.’

‘असं नाही होत हो. एकदा स्वतःहून नाव काढलं की संपलं. नव्याने प्रवेश घ्यावा लागतो, आणि त्याला वयाची अट आहे, ती तिने ओलांडलीय.’ त्याने कागद हळूच माझ्याकडे सरकवला. ‘कालच्या तारखेत आला असता तर मी स्वतः समितीकडे धावत नेला असता.’

तसाच ताईकडे गेलो. खारू जमिनीवर बसून परवानगीचे कागद फाडत होती. एकेचाळीस माणसांच्या सह्या, काहींचे अंगठे. वाचा गेलेल्यातली नऊ माणसं आता हयातही नव्हती. काम बंद झालं की कागद नष्ट करावे लागतात, हाही नियम. ताई स्वयंपाकघरात होती. मी खारूच्या हातात माझा कागद दिला.

तिने शेवटपर्यंत वाचला. मला वाटत होतं तिने ओरडावं, काहीतरी फेकून मारावं.

‘वर्ष मिळालं असतं हे तुला कधी कळलं?’ तिने विचारलं.

‘काल.’

‘काल किती वाजता?’

‘साडेबारा.’

‘मी साडेचारला सही केली, मामा,’ ती म्हणाली. ‘त्याआधी अर्धा तास तुमच्या तळघराच्या दाराशी बसले होते. म्हटलं, तुला एकदा विचारावं, करू का सही. तू जागेवर नव्हतास.’

मी म्हणालो, ‘मी ताईला सांगतो. आत्ता सांगतो.’ मी उठलोही.

तिने माझा हात धरला. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची त्यापेक्षा घट्ट. ‘आईला सांगायचं नाही,’ ती हळू आवाजात म्हणाली. ‘माझं जे व्हायचं ते झालं. तिला तुझ्याशिवाय कोण आहे? तुझं मन हलकं करायला तिला कशाला मारतोस?’ तिने माझा कागद घेतला, आडवा फाडला, उभा फाडला आणि बाकीच्या कागदांत मिसळला.

ताई चहा घेऊन बाहेर आली. माझ्यासमोर कप ठेवला आणि खारूच्या डोक्यावरून हात फिरवला. ‘नशीब एकेकाचं,’ ती म्हणाली. ‘पण मामा होता म्हणून दोन दिवस जागचा हलला नाही गं. परक्याने कोणी केलं असतं का इतकं?’

‘नाही,’ खारू म्हणाली.

‘पी रे, निवतोय,’ ताई मला म्हणाली. मी कप उचलला आणि प्यायलो.