हजेरीपटावरचा एव्हारिस्तो

ठराव साधा होता. रविवारपर्यंत गावातले सगळे लामा टेकडीवरून हटवायचे, कारण तिथे ट्रॅक्टर फिरणार, किनोआ पेरला जाणार, आणि ही ओझ्याची जनावरं कोवळी रोपं कुरतडतात. निकानोराचे बारा लामा गेले असते तर तिच्याकडे फक्त वारा उरला असता. म्हणून ती सभेला आली ती थोरल्या लामाला दाव्याला धरून, त्याच्या पाठीवर लेंडीखताची दोन पोती लादून.

"ताई, जनावर बाहेर बांधा," अध्यक्ष एलेउतेरियो म्हणाले.

"जनावर कुठंय? हे एव्हारिस्तो कोल्के. पट बघा."

चिटणिसाने हजेरीपट उघडला आणि त्याचा चेहरा उतरला. एव्हारिस्तो म्हणजे निकानोराचा नवरा. नऊ वर्षांपूर्वी तो मीठ आणायला गेला. मीठ फार लांब असावं. नाव मात्र पटावर राहिलं, कारण बाईचं नाव तिथे चढत नाही, असं तिला तेव्हाच सुनावलं होतं. मग श्रमदानाला ती दगड वाहायला ह्या लामाला पाठवू लागली. चिटणीस पुकारायचा, "एव्हारिस्तो कोल्के." लामा मान वर करायचा. चिटणीस लिहायचा, हजर.

"नऊ वर्षांत एक खाडा नाही," निकानोरा म्हणाली. "आता अध्यक्षांचे वाचा."

चिटणीस खाकरला. "सात."

तीन खाडे झाले की मत जातं, हा नियम अध्यक्षांनीच केला होता.

"म्हणजे आता लामाला विचारून गाव चालवायचं?" एलेउतेरियो म्हणाले.

"नऊ वर्षं त्याच्या पाठीवर चालवलंत, तेव्हा नाही विचारलंत ते."

मतदान नेहमीच्या रीतीने झालं. ठरावाच्या बाजूचे उभे राहिले, सतरा. विरोधातले बसून राहिले, तेही सतरा. निकानोरा दाराबाहेर जाऊन थांबली. घराला एकच मत, आणि ते कर्त्याचं. लामाने दोन्हीकडे नीट पाहून घेतलं, पुढचे गुडघे दुमडले आणि बसला.

एलेउतेरियोंनी दावं ओढलं. मग मागून ढकललं. ओझं जड झालं की लामा उठत नाही, हे त्यांना ट्रॅक्टर आल्यापासून आठवत नसावं.

"अठरा," चिटणीस म्हणाला आणि लिहिलं.

दुसऱ्या दिवशी चिटणीस निकानोराच्या अंगणात आला. "ताई, एक अडचण आहे. पाणी वाटायच्या कारभाराची पाळी यंदा कोल्के घराची."

"लिहा की मग."

"पण कारभाऱ्याला हातात मानाची काठी धरावी लागते."

"काठी मी धरीन," निकानोरा म्हणाली. "ते नुसते बसतील."