आईच्या लॉकेटमधला शिंपला

व्हिनेगरमध्ये बुडबुडे आले तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण लक्ष सगळं दुधाच्या बाटल्या उकळण्यात. छोटीनं सकाळपासून आईचं लॉकेट चघळलं होतं, म्हणून जंतूंच्या धास्तीनं मी ते व्हिनेगरच्या वाटीत टाकलं. बाहेर काढलं तर त्यातल्या शिंपल्याची लाल-हिरवी झाक गायब, उरला पांढुरका डाग.

छोटीला कडेवर घेऊन तशीच बाबांच्या कारखान्यात गेले. बाबा चाळीस वर्षं खडे घासतायत.

"खडेवाल्याची लेक ना तू?" भिंगातून बघत ते म्हणाले. "कॉलेजात काय शिकवलं मग?"

"बाबा, आत्ता नको ना!"

"अगं, कोट्यवधी वर्षं जमिनीत राहून दगड झाला असला तरी शिंपलाच तो. खडूच्या घराण्यातला. आंबट लागलं की विरघळणारच. आणि ह्याचा रंग काही वरून दिलेला नसतो. कागदासारखे पापुद्रे असतात, एकावर एक. उजेड त्यांच्यात खेळतो म्हणून रंग दिसतो. वरचे पापुद्रे तू घालवलेस."

असा शिंपला नाजूक, म्हणून बाबा गिऱ्हाइकाला त्यावर स्फटिकाची पातळ चकती बसवूनच देत. आईनं मात्र ती लावू दिली नव्हती. शिंपलाच हाताला लागला पाहिजे, म्हणायची. मला थोपटताना तिचा दुसरा हात लॉकेटवर असायचा. ती गेली तेव्हा मी फक्त तेवढंच मागून घेतलं होतं.

"घासू? खाली पापुद्रे असतील तर रंग येईल. नसले तर नुसता दगड. मग माझ्या नावानं खडे फोडायचे नाहीत."

"घासा."

ओलं चाक फिरू लागलं. छोटी घाबरेल म्हणून मी तिचे कान झाकले, तर ती खिदळत होती.

बाबांनी खडा पुसला. निळा! आईच्या गळ्यात कधीच न दिसलेला, जांभळ्याकडे झुकणारा निळा.

"बास. आता एवढाच थर उरलाय. चकती लावावीच लागेल. ही भवानी दात लावणारच."

"आईला नसतं चाललं."

"तिला तेव्हा नात नव्हती."

मी मान डोलावली. बाबांनी चकती पुसून ठेवली, डिंकाची बाटली उघडली आणि थांबले.

"घे, फिरव हात. एकदाच. बोट पुसून हं."

मी ओढणीला बोट पुसून फिरवलं. गार, गुळगुळीत. मग त्यांनी आपला अंगठा सदऱ्याला पुसला आणि शिंपल्यावर ठेवला. बराच वेळ उचलला नाही. मी आपली छोटीचं नाक पुसत राहिले.