मरळीची विहीर

राडारोड्याने भरलेला डंपर मागे मागे येत विहिरीच्या कठड्यापाशी थांबला, तेव्हा छबूबाई कठड्यावर बसून मेथी निवडत होत्या. ड्रायव्हरने हॉर्न दिला. त्यांनी पाने टोपलीत टाकली, देठ पदरात. त्याने पुन्हा हॉर्न दिला. मग मान वर करून त्यांनी विचारले, "चहा घेणार का?"

चहा पिऊन डंपर भरलेलाच परत गेला. त्यांचा मुलगा जयदीप चाकणच्या कंपनीतून शिफ्ट संपवून आला, तो गाल फुगवूनच.

त्याचेही फारसे चुकत नव्हते. पिंपळे सौदागरातली त्यांची शेती केव्हाच टॉवरांखाली गेली होती. उरले होते घर, एक चिकूचे झाड आणि ही विहीर. विहिरीला वास येत होता. पलीकडच्या सोसायटीने खिडक्या लावून घेतल्या होत्या आणि तक्रारीही केल्या होत्या. जयदीप आणि त्याचे काका अर्जुनराव यांनी ठरवून टाकले, की विहीर बुजवायची आणि वर गाड्या लावायच्या.

वास कशाचा ते घरात सगळ्यांना ठाऊक होते, फक्त अर्जुनरावांसमोर कोणी बोलत नसे. लॉकडाउनमध्ये त्यांनी जोडधंदा म्हणून मांगूर माशाची पिल्ले आणून विहिरीत सोडली होती. मूळचा आफ्रिकेतला मासा. विकणाऱ्याने सांगितले होते, काहीही टाका, खातो आणि वाढतो. तेवढे मात्र खरे निघाले. या माशाला बंदी आहे हे मागाहून कळले, आणि त्या दिवसापासून अर्जुनराव विहिरीकडे पाठ करून बसू लागले. मांगूर काही पाठ करून बसला नाही. त्याने आधी झिंगे संपवले, मग खवल्यांसारखे बारके मासे, मग बेडूक. शेवटी विहिरीतले मूळचे मासे, मरळीही दिसेनाशा झाल्या.

मरळीचे छबूबाईंना लागले. नवी नवरी म्हणून आल्या तेव्हा भरल्या घरात रडायला जागा नव्हती, म्हणून त्या विहिरीच्या पायरीवर येऊन रडायच्या. एकदा पाण्यावर तिखट सांडल्यासारखा लाल पुंजका दिसला आणि तो हललाही. नवऱ्याने सांगितले, ती मरळीची पिल्ले. खाली आई-बाप राखणीला असतात. त्यानंतर त्या विहिरीवर रडायला कमी आणि बघायला जास्त जाऊ लागल्या. पुढे गोठा गेला, जमीन गेली, नवराही गेला. पावसाळा आला की लाल पुंजका मात्र यायचा.

त्या रात्री जेवताना त्या जयदीपला म्हणाल्या, "बुजवायला माझी ना न्हाई. पण आदी उपसायची. आपली एक जरी मरळ निघाली, तर हीर ऱ्हाईल. न्हाई निघाली, तर पयला दगड मी टाकीन."

जयदीपने लगेच कबूल केले. मरळ निघणार नाही याची त्याला खात्रीच होती.

त्यांची सून साधना भांडी आवरता आवरता मोबाइलवर वाचून दाखवू लागली. हा मासा स्वस्तात पोट भरेल म्हणून माणसांनी देशोदेशी नेला, आणि जिथे सुटला तिथे तिथल्या माशांची हीच गत झाली. छबूबाईंनी मन लावून ऐकले.

"म्हंजे," त्या म्हणाल्या, "भावजी एकटेच न्हाईत."

रविवारी निगडीहून मीरासाहेब पंप घेऊन आले. या विहिरीवर पहिली विजेची मोटर त्यांनीच बसवली होती, छबूबाईंच्या नवऱ्याच्या वेळी. आता सोसायट्यांच्या टाक्यांचे पंप दुरुस्त करत. विहीर उपसायला कोणी बोलावते म्हटल्यावर अंगात नवा सदरा घालून आले होते. पाणी कुठे सोडायचे, हे त्यांनी आधी विचारले.

"पावसाच्या गटारात," अर्जुनराव लांबूनच म्हणाले. "तिथनं जातंय पवनेला. मासंबी जाऊ द्या की तसंच. मुका जीव हाय, पुण्य लागंल."

छबूबाईंनी त्यांच्याकडे वळून पाहिले. "भावजी, आपल्या घरचं दुखणं नदीच्या पदरात बांधायचं न्हाई."

मग पाणी चिकूच्या आळ्यात आणि मागच्या मोकळ्या जागेत सोडायचे ठरले. मीरासाहेबांनी पाइपाच्या तोंडाला जाळी बांधली आणि मासे ठेवायच्या पिंपांना झाकणे मागवली. भर पावसात हा मासा अंग घुसळत रस्ता ओलांडताना आपण पाहिला आहे, असे ते म्हणाले. साधनाने न सांगता एका झाकणावर पाटा आणून ठेवला.

पंप सुरू झाला. पाणी एकेक पायरी खाली उतरू लागले. ऊन डोक्यावर आले तेव्हा तळाशी काळ्या पाठी दिसल्या. हाताएवढे, मिशाळ, चिखलात आपटणारे जनावर. सोसायटीच्या गॅलऱ्यांमधून माणसे वाकून बघू लागली. मीरासाहेबांची माणसे जाळ्याने मासे उपसत होती आणि अर्जुनराव चिकूखाली उभे राहून चिकू बघत होते. झाडावर एकही चिकू नव्हता.

छबूबाईंनी हाक मारली. "भावजी, या की. तुमची लेकरं लई अंगानं भरली."

सगळे हसले. जयदीपही हसला, आणि हसताना तो लहानपणीच्या जयदीपसारखा दिसला. अर्जुनराव सर्वांत शेवटी हसले. मग त्यांनी पायजमा गुडघ्यावर खोचला, गुपचूप खाली उतरले आणि संध्याकाळपर्यंत वर आले नाहीत.

पिंपे भरली. मासे गारठून मरावेत म्हणून मीरासाहेबांनी बर्फ आणवला होता, झाडामागे खड्डाही खणून घेतला होता. ते छबूबाईंजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "वैनी, तुमी माळकरी. घरात जा. हे माझ्यावर सोडा."

छबूबाईंनी गळ्यातली तुळशीची माळ चोळीच्या आत सरकवली. "आणलं आमच्या घरानं," त्या म्हणाल्या. "उभं बी आमीच ऱ्हायला पायजे." शेवटचे पिंप रिकामे होऊन वर माती पडेपर्यंत त्या खड्ड्याच्या कडेला उभ्या होत्या. मीरासाहेबही टोपी सारखी करून त्यांच्या शेजारी उभे राहिले.

आता तळ उघडा पडला होता. नुसता गाळ. त्यात मरळ नव्हती, खवली नव्हती, साधा झिंगाही नव्हता. जयदीप विहिरीत उतरून चहूकडे पाहून आला. जिंकला होता, पण आवाज जिंकल्यासारखा नव्हता. "आई, नाही गं."

छबूबाई वळल्या आणि पायऱ्या उतरू लागल्या. सगळे नको नको म्हणाले, त्यांना ते ऐकू आले नसावे. शेवटच्या पायरीवर बसून त्यांनी गाळात हात घातला. झरा इथेच होता, उगवतीच्या अंगाला. मरळी त्याच कपारीत राहायच्या. कोपरापर्यंत हात गेला. हाताला गार, गुळगुळीत काहीतरी लागले आणि त्यांनी ते धरून ओढले. वर आला तो तांब्या. पितळेचा, हिरवा पडलेला.

"ह्यो तांब्या," त्या म्हणाल्या, "ह्याच्यापायी सासूबाईंनी मला वरीसभर बोलून घेतलं."

कोणी हसले नाही. झरा तिथे नव्हता. त्यांनाच आठवत नव्हते, किंवा इतक्या वर्षांत उगवतच बदलली होती. ओला तांब्या मांडीवर घेऊन त्या बसून राहिल्या. आईला वर न्यायचे म्हणून जयदीप पुन्हा उतरला. पाय कुठे ठेवावा ते दिसेना, म्हणून त्याने मोबाइलचा उजेड पाडला. उजेड समोरच्या भिंतीवरून सरकला, एका फटीत शिरला आणि तिथेच थांबला.

"आई."

फटीतून पाण्याची बारीक धार येत होती. तिच्या मागे, हातभर आत, दोन डोळे चमकत होते. मग बाजूला आणखी दोन.

"आई, मरळ आहे," जयदीप म्हणाला. "जोडी आहे."

वर मीरासाहेबांनी पंप बंद केला. एकदम इतके शांत झाले, की धारेचा आवाज गॅलऱ्यांपर्यंत गेला असेल. छबूबाईंनी तांब्या पुढे केला, धारेखाली भरला आणि आधी शेजारी गाळात उभ्या अर्जुनरावांच्या चिखलाने माखलेल्या पायांवर ओतला. अर्जुनरावांनी पायाची बोटे आखडली. "गार हाय," ते म्हणाले.

डंपर परत आला नाही. आषाढात पाणी वरच्या पायऱ्यांपर्यंत चढले. सोसायटीने खिडक्या उघडल्या. घरातली माशांची काचेची पेटी मोडायची म्हणून कोणी ना कोणी पिशवीत रंगीत मासे घेऊन येई आणि विहिरीत सोडू का, पुण्य लागेल, असे विचारी. अर्जुनराव कठड्यावर रोज संध्याकाळी काठी घेऊन बसत. आता ते विहिरीकडे तोंड करून बसत.

श्रावणातल्या एका दुपारी जयदीप पहिली शिफ्ट करून आला, तेव्हा छबूबाई कठड्यावर मेथी निवडत होत्या. तो काहीतरी बोलणार होता, पण त्यांनी नुसती मान विहिरीकडे हलवली. त्याने वाकून पाहिले. पाण्यावर तिखट सांडल्यासारखा लाल पुंजका हळूहळू सरकत होता, आणि त्याच्या खाली दोन काळ्या सावल्या.

जयदीपने बूट काढले. छबूबाईंनी टोपली थोडी पलीकडे सरकवली आणि अर्धी जुडी त्याच्या हातात दिली.