पूर्वेचा काटा

उसाच्या रसानं किंवा घामानं भिजलेलं कार्ड कागदाच्या एका पापुद्र्याइतकंच फुगतं. बोटाला ते कळत नाही, यंत्राला कळतं. पूर्वेच्या काट्याशेजारच्या यंत्रघरात लीनानं अडकलेलं कार्ड चिमट्यानं ओढून काढलं, तर त्याला घामाचा वास. गाडीवानानं ते मुंडाशात खोचून आणलं होतं.

शेतातली उसाची नोंद आणि काट्यावरचं वजन साखर कारखान्याच्या हिशेबयंत्रात जुळायला हवं होतं. त्यासाठी यंदा दोन पद्धती चालू होत्या. पूर्वेच्या काट्यावर गाडीवान छिद्रं पाडलेलं कार्ड आणायचा. पश्चिमेच्या काट्यावर गाडीला पत्र्याचा बिल्ला असायचा आणि कारकून त्यावरचा आकडा फोनवरून कळवायचा. कोणती पद्धत ठेवायची, हे संख्याशास्त्र शिकलेल्या लीनानं ठरवायचं होतं. दिवाळीपासून तिचं एकच उत्तर होतं, "अजून थोडे आकडे हवेत."

बाहेर गलका झाला. गाडीवान श्रीमंतचं हेच कार्ड यंत्रानं नाकारलं म्हणून त्याची गाडी बाजूला काढली होती आणि मागची भीमाची गाडी काट्यावर चढत होती.

"आरं भीम्या, मागनं येऊन म्होरं घुसतोस व्हय? बैलं कालपासनं उपाशी हायेत माजी!"

"माजं कार्ड चाललं, तुजं न्हाई चाललं. मुंडाशात अंडी उबवत हुतास का?"

लोक हसले आणि तिथंच घात झाला. श्रीमंतनं भीमाला जुवावरून खाली ओढलं. भीमानं चाबकाची मूठ त्याच्या तोंडावर हाणली. रक्त थुंकत श्रीमंतनं मोळीत खोचलेला कोयता उपसला.

लीना दारात पोचली, तेव्हा कोयता भीमाच्या दंडात रुतला होता. काढताना श्रीमंतला हिसडा द्यावा लागला. भीमाच्या भावानं जुवाची शिवळ, बैलाच्या मानेजवळची लाकडी खुंटी, उपटून श्रीमंतच्या गुडघ्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज यंत्रघरापर्यंत आला. मग रांगेतल्या गाडीवानांत दोन तट पडले, आणि एक धोंडा खिडकीची काच फोडून आत आला.

"दार लावा, लीनाबाई!" इंजिनिअर शामकांत ओरडले. कार्डांची पद्धत त्यांनीच आणली होती. "ही माणसं कशावरूनही भांडतात."

"पश्चिमेला नाही भांडत."

"तिकडं फोनवर एकोणसाठचे एकोणसत्तर होतात!"

"होतात. संध्याकाळी दुरुस्तही होतात."

"मग इतके दिवस गप्प का होतात?"

लीनानं दार उघडंच ठेवलं.

भीमाची बायको लंकाबाई त्याला फरफटत पायरीशी घेऊन आली. तिनं पदर त्याच्या दंडावर आवळला होता, तरी रक्त थांबत नव्हतं. मागे श्रीमंतचा भाऊबंद तोच कोयता उचलून येत होता.

"बाई, पाळी कुनाची, ते सांगा की येकदाचं! आजून किती मुडदं बघायचं हायेत?"

लीना काचा तुडवत पायरी उतरली आणि कोयत्याला आडवी उभी राहिली. आवाज फाटला, पण सगळ्या तळावर ऐकू गेला.

"कार्ड बंद! आजपासून सगळ्या गाड्यांना बिल्ला. ज्यांची कार्डं अडकली, त्यांच्या गाड्या आधी घ्या!"