कोपर लोंबू द्या

मी एक जुना पट्टा आहे. खाकी, चार बोटे रुंद, एका टोकाला गळ्यात अडकवायचा फास आणि दुसऱ्या टोकाला मनगटाचा. मित्रांनो, दंडाचे हाड मोडलेला माणूस तुम्ही पाहिला असेल, तर मलाही पाहिले असेल; फक्त मी लक्षात राहिलो नसेन. माझ्याबद्दल लोक एकच वाक्य बोलतात. "काही केलं नाही हो, नुसता पट्टा बांधून पाठवलं." या वाक्याचा मला राग येतो. आज तो राग मी गिळणार नाही.

माझा जन्म हॉस्पिटलच्या शिवणखोलीत झाला. तिथल्या बाईंनी मला दुहेरी शिवले आणि प्लास्टर रूममधल्या खिळ्यावर टांगले. माझे काम सोपे दिसते, पण त्यात शास्त्र आहे. मी फक्त मनगट धरतो, कोपर मोकळे सोडतो. लोंबत्या हाताच्या वजनाने दंड खाली ओढला जातो आणि मोडलेली दोन टोके हळूहळू एका रेषेत येतात. कोपर वर उचलले की ती तिरकी होतात.

एका पोस्टमनचे हाड माझ्या आधाराने अकरा आठवड्यांत जुळले. जाताना त्याने सगळ्यांचे आभार मानले, माझे सोडून. एका मुलीचे हाड कातडी फाडून बाहेर आले होते. तिला लगेच ऑपरेशनला नेले, आणि ते योग्यच होते. ऑपरेशनमध्ये हाडाला बसवतात त्या धातूच्या प्लेटशी माझे वैर नाही. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर म्हणाल, हा जळतो.

मग ती आली. दुकानांच्या पाट्या रंगवणारी पेंटरबाई, वय चोपन्न, शिडीवरून पडलेली. उजवा दंड मधोमध मोडला होता.

डॉक्टरबाईंनी तिला समोर बसवून सांगितले, "दोन रस्ते आहेत. प्लेट बसवली तर हाड लगेच स्थिर होतं. पण मनगट वर उचलणारी नस या हाडाला लागूनच जाते, ऑपरेशनमध्ये तिला धक्का बसू शकतो. पट्टा आणि दंडाला प्लास्टिकचं कवच बांधलं, तर तीन महिने कंटाळा आणि झोपायचंसुद्धा बसून. बहुतेकांचं जुळतं. काहींचं नाही जुळत, त्यांना मग ऑपरेशन करावंच लागतं. वर्षाने बघितलं तर दोन्हीकडचे हात साधारण सारखेच असतात."

पेंटरबाईने आपले मनगट उचलून पाहिले. "हे पडलं तर ब्रश कसा धरू? पट्टा बांधा."

प्लास्टरवाल्या काकांनी माझी लांबी ठरवली आणि बक्कल जिथे बसायला हवे तिथे पेनाने खूण केली. "ही जागा सोडायची नाही, कोपर लोंबू द्या," ते म्हणाले. सोबत आलेल्या तिच्या थोरल्या भावाने मान डोलावली. मान डोलवायला काय लागते?

त्याच संध्याकाळी घरी तो म्हणाला, "लोक म्हणतील, भावाने बहिणीला गळ्यात दोरी बांधून परत आणली. आणि हा हात असा लोंबकळतोय, बघवत नाही." त्याने बक्कल सरकवले आणि कोपर वर घेतले. वहिनीने खाली उशी दिली. एक नाही, दोन.

"अरे दादा, प्लास्टरवाले काका नको म्हणाले होते."

"त्यांचं काय जातं सांगायला? दुखतं कुणाला, त्यांना का तुला?"

तिला खरेच बरे वाटले. कळ कमी झाली, हे मी लपवणार नाही. म्हणून तीही गप्प बसली. हाताचे वजन उशांवर गेल्याने मी मात्र सैल पडलो होतो, आणि आतली टोके सरकत होती ते मला कळत होते. मला तोंड असते तर मी त्या घराला फाडून खाल्ले असते.

याहून वाईट पुढेच होते. तपासणीच्या दिवशी वहिनी सकाळी मला पुन्हा खुणेवर आणायची. "उगाच बोलणी खायला नकोत," ती म्हणायची. हॉस्पिटलात मी शहाणा, घरी आलो की परत आखूड. डॉक्टरबाई एक्स-रे उजेडाला धरायच्या आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. पट्टा बरोबर, कवच बरोबर, मग हाड तिरके का?

बारा आठवड्यांनी त्यांनी तिचा दंड दोन्ही हातांनी धरून हलकेच वाकवला. जिथे सांधा नसतो, तिथे तो वाकला.

"मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं," दादा म्हणाला. "पट्ट्याने कुठं हाडं जुळतात?"

पेंटरबाईने त्याच्याकडे पाहिले. "मग इथे यायच्या दिवशी वहिनी तो खाली का करते, दादा? सांग ना. तू सांगत नसशील तर मी सांगते. मीही गप्प बसले, माझंही चुकलं." आणि तिने उशांपासून सगळे सांगितले.

"मायेपोटी केलं हो," दादा पुटपुटला.

डॉक्टरबाईंनी आवाज चढवला नाही. "बरोबर बांधूनही कदाचित जुळलं नसतं. पण ते आता कुणालाच कळणार नाही, मला नाही आणि यांनाही नाही. खोटा पट्टा दाखवून तुम्ही मला बारा आठवडे आंधळं ठेवलंत. सहाव्या आठवड्याला खरं कळलं असतं, तर निदान काहीतरी करता आलं असतं."

ऑपरेशन झाले. एक प्लेट, आठ स्क्रू. नंतर मला पुन्हा तिच्या गळ्यात घातले, तेव्हा तिचे मनगट माझ्यात मेल्यासारखे पडले होते. ती त्याला "ऊठ" म्हणत होती आणि ते उठत नव्हते. नस तुटली नव्हती, ताणली गेली होती. मी खिळ्यावर परत आलो तरी तिच्या हातात ब्रश आला नव्हता. पाचव्या महिन्यात मनगट उठले, असे काकांच्या बोलण्यातून कळले.

दादा सगळ्यांना सांगतो, ऑपरेशनने बरी झाली. खोटे नाही, हाड प्लेटनेच जुळवले. पण जे मनगट जपायला तिने मला निवडले, तेच पाच महिने लुळे पडले, हे तो कुणाला सांगत नाही.

मित्रांनो, प्लेट की पट्टा, ते ज्याचा हात आहे त्याने डॉक्टरांशी बोलून ठरवावे. पण एकदा ठरवले की निभवावे. कुणाचा हात लोंबताना पाहून तुम्हाला कळवळा आला, तर आपले हात पाठीमागे धरून उभे राहा. सहन होत नसेल, तर तसे डॉक्टरांना सांगा. आणि तपासणीला जाताना घरी जसे असता तसेच जा. बोलणी खावी लागतील. खा.