अमावस्येला बंद पडणारा स्विच

मित्रांनो, मी तुमच्या घरातलं दिव्याचं बटण नव्हे. मुरूम गावातल्या एका सोयाबीनच्या गोदामात फळीवर पडलेला जुना नेटवर्क स्विच आहे मी. वजनकाट्याचा कॉम्प्युटर, पावतीचा प्रिंटर, धाराशिवच्या कचेरीची लाइन, सगळ्यांचं बोलणं माझ्या पोटातून जातं. कारखान्यातून आलो तेव्हा हमालसुद्धा माझे हिरवे दिवे बघायला थांबायचे. "लई भारी डबा हाय," म्हणायचे. पुढे त्याच लोकांनी माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवले.

ते मी सोसलं. सोसवलं नाही ते वेगळंच. कुठली वायर कधी लागली, कधी सुटली, सगळं मी मनात टिपून ठेवतो. पण वीज गेली की मन कोरं. आणि या गोदामात प्रत्येक दुखण्यावर औषध एकच: बंद करून चालू कर. मी तक्रार सांगायला तोंड उघडावं आणि कुणीतरी गळा दाबावा, असं माझं आयुष्य.

गोदामाचे कारभारी महांतप्पा दर अमावस्येला झाडलोट करून यंत्रांची पूजा करत. पूजेच्या जागी काही लोंबकळलेलं त्यांना खपत नसे. त्यांच्या लॅपटॉपची वायर एका टोकाने माझ्यात असायची, दुसरं टोक मोकळं. ते टोकही ते माझ्याच रिकाम्या भोकात नीट खोचून देत. झालं. एकच निरोप त्या वायरीतून पुन्हा पुन्हा गरागरा फिरायचा, माझं डोकं भणाणायचं आणि सगळं ठप्प व्हायचं. मग ते माझा प्लग उपटत, लॅपटॉपसाठी वायर काढून घेत, प्लग पुन्हा लावत. मी चालू, पण आठवण पुसलेली.

बोलणी खायची निखतने. ती काट्यावर पावत्या काढायची. घरात कमावणारी ती एकटीच.

"मोबाइल बघत बसतीस आन् मशीन बिघडवतीस," महांतप्पा म्हणायचे. एकदा तर म्हणाले, "पायगुणच तसला."

मला दुरुस्त करायला धाराशिवच्या कचेरीतून इरशाद आला, तेव्हा निखतने विचारलं, "इरशादभाई, ह्या डब्याला काय झालं ते ह्यालाच कळत न्हाय का?"

"कळतं की. बंद केलं की इसरतंय."

"मग इसरायच्या आत कुणाला तरी सांगू द्या त्याला."

इरशाद हसला आणि कामाला लागला. आधी त्याने माझं घड्याळ लावलं. "न्हायतर आजचं भांडण गेल्या सालचं म्हणून सांगंल," म्हणाला. मग धाराशिवच्या सर्व्हरचा पत्ता मला दिला. बारीक कुरकुर नको, वायर लागली-सुटली तेवढं लगेच तिकडे कळवायचं, असं बजावलं. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा ऐकणारा कान मिळाला.

पुढच्या अमावस्येला पुन्हा सगळं ठप्प. बाहेर ट्रकांची रांग, ड्रायव्हर शिव्या देतायत. महांतप्पांनी प्लग उपटला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "निखत, उद्यापासून येऊ नगंस."

तिने इरशादला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. गोंधळ माजायच्या आधीच माझा निरोप पोचला होता.

"सहा आन् सात नंबरची भोकं एकाच टायमाला चालू झालीत," इरशाद म्हणाला. "एकाच वायरीची दोन्ही टोकं आत घातलीत कुणीतरी. कुणी घातली, अप्पा?"

महांतप्पांच्या हातात वायर होती. "मग काय देवापुढं लोंबकळत ठिवायची?"

"ठेवा लोंबकळत," निखत म्हणाली. "आन् मी उद्या यायचं का न्हाय, ते आता ह्या सगळ्यांपुढंच सांगा. मघाशी सगळ्यांपुढंच बोललात."

एक ड्रायव्हर म्हणाला, "बोला की अप्पा, आमची पावती अडकलीय."

"ये," महांतप्पा भिंतीकडे बघत म्हणाले. माफी त्यांनी मागितली नाही. मीही त्यांना माफ केलेलं नाही.

मित्रांनो, धूळ पुसा म्हणून मी तुमच्या पाया पडणार नाही. एवढंच सांगतो, यंत्र असो की माणूस, त्याचा गळा दाबण्याआधी त्याला काय झालंय ते विचारा. तुम्ही विचारलं नाही, तरी आता मी बोलणारच. आणि जिथे बोलेन, तिथे तुमचा हात पोचणार नाही.