नर्सबाईच्या जीपची आस

मित्रांनो, कुहीच्या पुढे धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांमध्ये, एक गाव आहे. तिथे मनोहररावांच्या अंगणात कडुनिंबाखाली जी उभी दिसते, ती मी, एक जुनी जीप. माझ्या ताडपत्रीला भोके पडली आहेत. मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालते. तरी माझे ऐकून जा. मी नेहमी अशी नव्हते.

माझा जन्म मुंबईच्या कारखान्यात झाला. मालगाडीवर बसून मी नागपूरला आले आणि एका सरकारी खात्यात नोकरीला लागले. साहेब लोक मला घेऊन जंगलाची मोजणी करत. पुढे नव्या गाड्या आल्या तेव्हा मला लिलावात काढले गेले आणि मनोहररावांनी मला घरी आणले. त्यांना मी धानाची पोती वाहायला हवी होते. पण त्यांच्या पत्नी प्रेमिलाबाई आरोग्य केंद्रात नर्स होत्या. वर्षभरातच सारा गाव मला 'नर्सबाईची गाडी' म्हणू लागला.

आमच्या गावाला लागून एक नाला होता. पलीकडे काही लहान गावे होती. रोवणी, म्हणजे भातलावणी, सुरू झाली की नाला भरायचा आणि थेट पोळ्यापर्यंत तिकडचा रस्ता बंद व्हायचा. बैलगाडी चाकाच्या मधल्या तुंब्यापर्यंत रुतायची. जात असे ती फक्त मी. मनोहरराव फोर व्हीलचा दांडा ओढत, माझी चारही चाके एकदम जोर लावत आणि मी गाळ उडवत पलीकडे चढत असे. बांधीत रोवणी करणाऱ्या बाया कंबर सरळ करून ओरडत, "नर्सबाई आली वं!" मित्रांनो, त्या हाकेसाठी मी कितीही गाळ तुडवला असता.

प्रेमिलाबाईंना एकच मुलगी, शामला. ती नागपुरात शोभाताईंकडे, म्हणजे आपल्या आत्याकडे, शिकायला होती. आम्ही अधूनमधून तिला भेटायला जात असू. परतताना प्रेमिलाबाई मागे वळून पाहत नसत. मौद्याच्या फाट्यापर्यंत त्यांचा हात माझ्या दारावर घट्ट असायचा.

एका श्रावणात पलीकडच्या गोपिकाचे दिवस भरले होते. निरोप आला आणि आम्ही निघालो. नाल्याच्या मध्यावर माझ्या पोटाखाली काडकन आवाज झाला. माझा मागचा आस मोडला होता. मिस्तरी लोक त्याला एक्सल म्हणतात. इंजिन धडधडत होते, पण मागची चाके हलेनात. प्रेमिलाबाई कमरेएवढ्या पाण्यात उतरल्या. बॅग डोक्यावर घेतली, नवऱ्याचा हात धरला आणि चालू लागल्या. गोपिका सुखरूप बाळंत झाली. मला मात्र संध्याकाळी बैलांनी ओढून काढले. ज्या बैलांना मी रोज धूळ चारत होते, त्यांनीच!

ट्रॅक्टरला बांधून मला नागपूरला नेले. नवरा-बायको दोघेही सोबत आले. ओमप्रकाश मिस्तरींच्या गॅरेजात एका मोठ्या गाडीचे दोन भारी आस पडलेले होते.

"हे टाकून देतो भाऊ. मग हत्ती बसला तरी तुटणार नाही," मिस्तरी म्हणाले. "पण स्प्रिंगचे पाटे बदलावे लागतील, ब्रेक बदलावे लागतील. मडगार्ड कापावं लागेल. गाडी जड होईल आन् इंजिन तर जुनंच हाये. म्हणून आधी सांगा, गाडी चालणार कुठं? नाल्यात चालवाची असंल तर भारी एक्सल. सडकेवरच चालवाची असंल तर जुन्याच मापाचा टाकतो, बस."

मला तर ते भारी आस पाहताच हवेसे झाले होते. ते बसले असते तर मी भर पुरातही मागे फिरले नसते!

"भारीच टाका," मनोहरराव म्हणाले. मग त्यांनी पत्नीकडे पाहिले. "तू काहून बोलून नाही राहिली वं?"

प्रेमिलाबाई गप्प होत्या, कारण त्यांची नागपूरच्या दवाखान्यात बदली झाली होती. ती त्यांनीच कधीतरी मागितली होती. आता हुकूम आला होता आणि त्यांनी अजून हो म्हटले नव्हते. आस कोणता टाकायचा, या प्रश्नात तेही उत्तर अडकले होते.

तेवढ्यात शोभाताई शामलाला शाळेतून घेऊन आल्या. पोरीने माझ्याभोवती एक चक्कर मारली. ते भारी आस पायाने चाचपून पाहिले.

"आई, जीप पक्की झाली म्हणजे तू तिकडंच राहशीन न?"

प्रेमिलाबाईंनी तिची वाकडी वेणी हातात घेतली.

"वेणी कोणी घातली तुही?" प्रेमिलाबाईंनी विचारले.

"मीच. आता मले येते."

प्रेमिलाबाई माझ्या बंपरवर बसल्या, तिला पुढ्यात घेतले आणि ती वाकडी वेणी सोडून पुन्हा घालू लागल्या. रिबीन बांधून होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मग म्हणाल्या, "ओमप्रकाशभाऊ, जुन्याच मापाचा टाका."

"आन् नाल्यापलीकडच्या बाया?" मनोहररावांनी विचारले.

"तेच तर इतके दिवस मनात घोळून राहिलं. तिथं दुसरी नर्स येईन. शामलाले दुसरी माय कुठून येईन?"

मला जुन्याच मापाचा आस बसला. प्रेमिलाबाई लेकीजवळ राहिल्या. शेती होती म्हणून मनोहरराव गावी राहिले. दर आठवड्याला तांदूळ, वांगी, ताक घेऊन आम्ही डांबरी सडकेने नागपूरला जाऊ लागलो. लोक म्हणत, काय ठेवली हो गाडी! माझ्या चाकांना चिखल लागत नव्हता. शामला हसत दार उघडायची. परतताना आता मनोहरराव मागे वळून पाहत नसत.

नवी नर्स आली. चांगली होती. पाणी उतरले की सायकलने जायची.

एका पावसाळी दुपारी मनोहररावांनी मला नाल्यावर नेले. पाणी दोन्ही काठ भरून वाहत होते. पलीकडे छत्री धरून एक म्हातारी उभी होती. पलीकडच्याच एका गावची तुळजाबाई. गाडी पाहून तिने हाक दिली, "नर्सबाई आली का गा?"

"नाही वं माय! ते नागपूरलेच असते आता!"

"बरी हाये न?"

"बरी हाये! पोरीजवळ हाये!"

"मंग बरं झालं!" म्हातारी ओरडली. "आठवण येते म्हणून सांगजो!"

मनोहररावांनी फोर व्हीलचा दांडा ओढला. माझी पुढची चाके पाण्यात गेली. तो मऊ गाळ मला ओळखीचा वाटला. इंजिन गुरगुरले. मनोहरराव बराच वेळ दांड्यावर हात ठेवून बसले. मग त्यांनी मला हळूच मागे घेतले. पलीकडे तुळजाबाई छत्री हलवत राहिली.

आता तिथे पूल झाला आहे आणि त्यावरून एसटी जाते. मी अंगणात असते.

मित्रांनो, तुमच्या दारी एखादी जुनी गाडी असेल, तर तिला तेलपाणी करा. ऊनपावसात तिच्यावर काही झाका. तिच्यात नवे, भारी काही बसवायचे की नाही, हे तुमचे तुम्ही ठरवा. पण ठरवताना घरातल्या लहान माणसालाही विचारा. प्रेमिलाबाईंनी केले ते बरोबरच केले, असे मी कोणालाही सांगेन.

पाऊस लागला की मात्र मला अजून पलीकडे जावेसे वाटते.